घड्याळ चुकतंय? आधी फरक मोजा

लिनक्सचं घड्याळ नेमकं साडेपाच तास पुढे असेल, तर मदरबोर्डवरच्या (संगणकाच्या मुख्य बोर्डवरच्या) छोट्या सेलला दोष देऊ नका. त्याच संगणकावरचं विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात (आरटीसी) भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तीच यूटीसी, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, समजतं. टर्मिनलमध्ये timedatectl ही आज्ञा चालवा. तिथली आरटीसी वेळ खऱ्या यूटीसीशी जुळायला हवी.

प्लग काढला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते? मग सेलच संपलाय. चुकलेल्या तारखेमुळे ब्राउझरला प्रमाणपत्रं अवैध वाटतात, म्हणून साइट उघडत नाहीत. राउटरला हात लावू नका. सीआर2032 (CR2032), 3 व्होल्टचा सेल मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. प्लग काढा, पॉवर बटण 10 सेकंद दाबून धरा, सेल बदला, अधिकची बाजू वर. मुंबईच्या पावसाळी दमटपणाने सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्टीवर हिरवट थर आला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नंतर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) वेळ आणि बूट क्रम, म्हणजे कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचं ते, पुन्हा लावा.