खंड खरंच सरकले का? पृथ्वीगोल घ्या आणि स्वतः तपासा

मी भूगोल शिकवते. खंडवहनाचा, म्हणजे खंड सरकतात या विचाराचा, धडा निघाला की मुलं दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका कागदातून कापतात, शेजारी ठेवतात आणि म्हणतात, "झालं सिद्ध!" किनारे जुळले की खंड एकेकाळी जोडलेले असावेत, असा संशय घ्यायला जागा मिळते, इतकंच. म्हणून मी फळ्यावर एक प्रश्न लिहून ठेवते: खंड जागचे हललेच नसते, तरी हे असंच दिसलं असतं का? हाती येणारा प्रत्येक पुरावा या प्रश्नावर घासून बघा.

भिंतीवरचा नकाशा बाजूला ठेवा. त्यात ध्रुवांकडची जमीन फुगलेली असते. पृथ्वीगोलावर ट्रेसिंग पेपरचे लहान तुकडे ठेवून गिरवा, आणि किनारा नव्हे, तर समुद्रबूड जमिनीची बाहेरची कड गिरवा. समुद्राची पातळी बदलली की किनारा पुढेमागे होतो. खंडाची खरी कड पाण्याखाली असते. १९६५ मध्ये एडवर्ड बुलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर सुमारे ९०० मीटर खोलीची रेषा धरून ही जुळणी केली, तेव्हा फटी फारच थोड्या उरल्या. तरीही कुणी योगायोग म्हटलं, तर एवढ्यावर त्याचं तोंड बंद करता येत नाही.

मग जीवाश्म. मेसोसॉरस हा छोटा पाणसरडा फक्त आफ्रिकेच्या दक्षिण भागात आणि दक्षिण अमेरिकेत सापडतो. पाठ्यपुस्तकांचा तो लाडका. मला मात्र ग्लोसोप्टेरिस ही वनस्पती जास्त पटते, कारण ती भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि चक्क अंटार्क्टिकातही मिळते. खंडवहनाचा विचार मांडणारा जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर, त्याचे विरोधक म्हणत, मधे जमिनीचे पूल होते, ते बुडाले. त्यावर त्याचं उत्तर नेमकं होतं: खंडांचा खडक सागरतळाच्या खडकापेक्षा हलका असतो, तो असा सहज बुडत नाही.

खरी मजा हिमनद्यांत आहे. इथे घाई करू नका. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनद्यांनी ओढत आणलेले दगडगोटे ओडिशातल्या तालचेरच्या थरांत आहेत, तसेच थर दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातही आहेत. गोलावर या जागांवर खुणा करा. आता फळ्यावरचा प्रश्न विचारा. खंड आजच्याच जागी होते म्हणायचं, तर विषुववृत्ताच्या आसपासपर्यंत बर्फ पसरला होता असं मानावं लागेल. पण साधारण त्याच काळात युरोप आणि उत्तर अमेरिकेत कोळशाची दलदलीची जंगलं वाढत होती, आणि त्यांतल्या बऱ्याच झाडांच्या खोडांत वर्षवलयं दिसत नाहीत, म्हणजे तिथे हिवाळाच नव्हता! शिवाय ब्राझीलमधले ओरखडे सांगतात की बर्फ आजच्या समुद्राच्या बाजूने जमिनीवर चढला. समुद्रातून हिमनदी निघत नाही. खंड एकत्र आणून दक्षिण ध्रुवाजवळ ठेवले की सगळं एका हिमस्तराखाली बसतं.

इतकं असूनही १९१२ मध्ये मांडलेला हा विचार बहुतेक भूवैज्ञानिकांनी झिडकारला. वेगेनरने सुचवलेली बलं खंड ढकलायला फारच तोकडी होती. तो आक्षेप रास्तच होता.

आकड्यांचा पुरावा १९५० च्या दशकात चुंबकत्वातून आला. लाव्हा थिजताना त्यातल्या लोहखनिजांत त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा गोठते. विषुववृत्तावर ती आडवी असते, ध्रुवाकडे जावं तशी कलत जाते. गणित घरी करता येतं: ही दिशा आडव्या पातळीशी जो कोन करते, त्याची टॅन (टॅन्जंट) किंमत काढा, निम्मी करा, ती ज्या कोनाची टॅन असेल तो अक्षांश. समजा कोन ४९ अंश. टॅन १.१५, निम्मे ०.५७५, म्हणजे अक्षांश सुमारे ३०. दख्खनच्या ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं उत्तर साधारण असंच येतं, आणि तेही दक्षिण गोलार्धात. आज तो खडक विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे.

सागरतळाचं थोडक्यात: मध्य अटलांटिक पर्वतरांगेच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट चुंबकत्वाचे पट्टे आहेत, जवळपास आरशातल्यासारखे. १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी त्याचा अर्थ लावला: तळ मधे तयार होतो आणि दोन्हीकडे सरकतो.

शेवटी भागाकार. ब्राझीलमधलं रेसिफे आणि कॅमेरूनमधलं दुआला यांत आज सुमारे ५,००० किलोमीटर अंतर आहे. हा भाग वेगळा होऊन साधारण १० कोटी वर्षं झाली, म्हणजे सरासरी वेग वर्षाला ५ सेंटिमीटर. उपग्रहांच्या मोजणीत तिथला आजचा वेग याहून थोडा कमी येतो, पण सेंटिमीटरांतच. वेगेनरला ग्रीनलंडच्या सदोष मोजमापांवरून तो वर्षाला कित्येक मीटर वाटला होता. तो आकडा घेऊन हाच भागाकार केलात, तर अख्खा अटलांटिक दहा-वीस लाख वर्षांतच उघडून मोकळा होतो, आणि त्याच्या तळावर १० कोटी वर्षं जुने खडक सापडायलाच नकोत.