पी१० पॅनलवर अक्षरं थरथरत असतील तर

वडोदऱ्यात मंडळाच्या मांडवासाठी पी१० पॅनल (अक्षरं दाखवणारा एलईडी फलक) ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डला थेट जोडला की अक्षरं अनेकदा थरथरतात. पॅनलच्या इनपुटला बहुधा ७४एचसी२४५ ही बफर चिप (सिग्नल पुढे पोचवणारी) असते. ५ व्होल्टवर तिला ‘हाय’ (म्हणजे १) सिग्नल कळायला ३.५ व्होल्ट लागतात, बोर्ड देतो ३.३. म्हणून बोर्ड आणि पॅनलच्या मध्ये ७४एचसीटी२४५ टाका, तिला २ व्होल्ट पुरतात. दुकानदार ‘एचसी पण चालेल’ म्हणाला तरी घेऊ नका. या चिपच्या पिन २० आणि १ला ५ व्होल्ट, १० आणि १९ ग्राउंडला. इनपुट २ ते ९. त्यांची आउटपुट समोरासमोर, २ची १८वर, ९ची ११वर. न वापरलेली इनपुट ग्राउंड कराच, मोकळी सोडली तर चिप उगाच तापते. पिन २०ला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर हवा. बोर्ड आणि पॅनलचं ग्राउंड एकच ठेवा.