टायोगा पासला टोड बघायला जायचं तर

योसेमिटी टोड (उंच डोंगरातला एक भेक) बघायचा असेल तर कॅलेंडर बाजूला ठेवा आणि बर्फाकडे बघा. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतांच्या कुरणांत, साधारण दोन ते साडेतीन हजार मीटर उंचीवर, बर्फ वितळू लागला की हे भेक उंदीर-खारींच्या बिळांतून वर येतात. एखाद्या वर्षी मे महिन्यात, एखाद्या वर्षी पार जुलैत. २०२३ मध्ये तर टायोगा पासवरून जाणारा टायोगा रोडच २२ जुलैला उघडला. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून निघण्याआधी रस्ता सुरू आहे ना, ते बघाच.

पहाटे धावपळ करायची गरज नाही. रात्री तिथे पाणी गोठतं, म्हणून हा टोड दिवसाउजेडी वावरतो. मी ऊन चांगलं वर आल्यावर कुरणाच्या कडेला एखाद्या कोरड्या खडकावर बसते आणि आधी कान देते. नराची लांब, थरथरती, गोड शीळ ऐकू आली की दुर्बीण त्या दिशेला. खोल तळी सोडून द्या. गवत जेमतेम बुडालंय अशी उथळ, उन्हाने कोमट झालेली डबकी शोधा.

नर पिवळट हिरवा, जवळपास एकरंगी. मादीच्या अंगावर मोठे काळे डाग आणि प्रत्येक डागाला फिकट कड. दुर्बिणीतून ती नक्षी फार देखणी दिसते. नर आधी येऊन ठाण मांडतात. मादी मात्र अंडी घालून थोड्याच दिवसांत निघून जाते, म्हणून ती दिसली तर जागचे हलू नका. उडी मारण्यापेक्षा ती चालतच येते, कधी कधी थेट बर्फावरून.

काही झालं तरी ओल्या गवतात पाय ठेवायचा नाही. अंड्यांच्या काळ्या माळांवर गाळ बसला की त्या दिसतच नाहीत. सिंथिया शर्मन आणि मार्टिन मॉर्टन या संशोधकांनी टायोगा पासला वर्षानुवर्षं या टोडांचा अभ्यास केला आणि ते किती घटलेत हे १९९३ साली मांडलं. २०१४ पासून या टोडांना कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा हात लावायचाच नाही. बेडूक-भेकांना मारणारी कायट्रिड बुरशी चिखलातून पसरते. बूट धुऊन, पूर्ण वाळवूनच न्या. डास भयंकर असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

जमलं तर काही आठवड्यांनी परत जा. काळीभोर, शेपटीवाली पिल्लं (टॅडपोल) दुपारी सगळ्यात उथळ, गरम काठाला दाटीवाटीने जमलेली असतात. पाणी आटायच्या आत पाय फुटले तरच ती वाचतात. त्या वेळी चालताना पायाखाली बघा, नखाएवढे टोड गवतातून बाहेर पडत असतात.