७२ तासांची गोळी: घेण्याआधी आणि घेतल्यावर

कंडोम फाटला, रोजची गोळी सलग तीन दिवस राहून गेली किंवा काहीच न वापरता संबंध आला, तर गर्भ राहू नये म्हणून ही तातडीची गोळी घ्यायला सकाळची वाट पाहू नका. पाकिटावर ७२ तास लिहिलेले असले तरी ती शेवटची हद्द समजा. गोळी जितकी लवकर घ्याल, तितकी तिची खात्री जास्त. ७२ तास उलटले तरी पाचव्या दिवसापर्यंत ती थोडीफार उपयोगी पडू शकते, पण त्या टप्प्यावर डॉक्टरांकडून तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) बसवून घेणे जास्त भरवशाचे. पाच दिवसांच्या आत बसवलेल्या तांबीइतका खात्रीचा तातडीचा उपाय दुसरा नाही.

मेडिकलमध्ये चिठ्ठी लागत नाही. आय-पिल किंवा अनवॉन्टेड-७२ मागा आणि पाकिटावर ‘लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिग्रॅ’ लिहिले आहे का, ते वाचून घ्या. घाईत इथेच गफलत होते, कारण अनवॉन्टेड-किट हे नावाने जवळचे असले तरी ते गर्भपाताचे औषध आहे आणि डॉक्टरांशिवाय घ्यायचे नाही. आपली गोळी स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते, बस्स. दिवस आधीच गेले असतील, तर ती ते पाडत नाही. बीज बाहेर पडून गेले असेल, तरी तिचा फारसा उपयोग नसतो.

एकच गोळी, पाण्याबरोबर. मळमळ होते, म्हणून थोडे खाऊन घेतली तर बरे. दोन तासांच्या आत उलटी झाली, तर दुसरी गोळी घ्यावी लागते. ‘जास्त खात्री’ म्हणून मनानेच दोन घेऊ नका.

टीबीसाठी रिफाम्पिसिन किंवा फिट्सच्या काही गोळ्या (कार्बामाझेपिन, फेनिटॉइन) चालू असतील, तर या गोळीचा जोर कमी पडतो. वजन बरेच जास्त असले तरी तसे होऊ शकते. अशा बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि लाजून औषधांची नावे लपवू नयेत. बाळाला अंगावर पाजणारीला मात्र ही गोळी चालते.

नंतर एक-दोन दिवस मळमळ, डोकेदुखी, चक्कर, थकवा, स्तन दुखरे होणे हे चालायचेच. मध्येच थोडे डाग दिसतात. त्यालाच पाळी समजून निर्धास्त होणाऱ्या बऱ्याच जणी असतात, तसे करू नका. खरी पाळी काही दिवस पुढे-मागे होते. अपेक्षित तारखेच्या वर आठवडा गेला, तर लघवीची तपासणी करा. ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखू लागले किंवा खूप रक्त जाऊ लागले, तर थेट दवाखाना गाठा. गर्भ नळीत राहिला असण्याची शक्यता असते.

‘पिशवी खराब होते, पुढे मूल होत नाही’ असे शेजारपाजारी सांगतात. त्यात तथ्य नाही. पण दर महिन्याला हीच गोळी घेत राहणे मला शहाणपणाचे वाटत नाही. पाळीचे वेळापत्रक बिघडते आणि नेहमीच्या साधनांइतकी खात्रीही मिळत नाही. शिवाय गोळीनंतर आलेल्या संबंधाला तिचे संरक्षण नसते, गुप्तरोगांपासून तर कधीच नाही. म्हणून त्याच दिवसापासून कंडोम वापरा. तांबी, अंतरा इंजेक्शन किंवा छाया गोळी ही गर्भ टाळण्याची नेहमीची साधने सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. आशाताईंना विचारलेत, तर कुठे आणि कधी जायचे ते त्या सांगतील.