पॅरामेशियम वाट कशी बदलतो, हे घरी पाहण्याची रीत

डोळे नाहीत, मेंदू नाही, तरीही एक एकटी पेशी अडथळा ओळखून मागे फिरते, हे साध्या शालेय सूक्ष्मदर्शकाखालीही पाहता येते. त्यासाठी पॅरामेशियम सर्वांत सोयीचा, कारण सुमारे पाव मिलिमीटर लांबीचा हा जीव ४० पट वर्धनातही ओळखू येतो.

मूठभर भाताचा पेंढा अर्धा लिटर पाण्यात दहा मिनिटे उकळून पूर्ण गार करावा, त्यात डबक्याच्या काठचे दोन-तीन चमचे पाणी कुजक्या पानांसह घालावे आणि बरणीच्या तोंडाला फडके बांधून ती सावलीत ठेवावी. काही दिवसांत पाण्यावर जिवाणूंची साय धरते व वास येऊ लागतो (घरच्यांची कुरकुर येथूनच सुरू होते). त्या जिवाणूंवर पोसणारे पॅरामेशियम आठ-दहा दिवसांत पुष्कळ वाढतात. ते वरच्या थरात जमत असल्याने थेंब सायीच्या लगत खालून घ्यावा.

काचपट्टीवरील थेंबात कापसाचे चार-पाच तंतू विस्कटून टाकावेत आणि वर आच्छादनकाच ठेवावी. तंतूंमुळे काच किंचित उचललेली राहते आणि जिवांपुढे आयते अडथळेही उभे राहतात. तंतूला धडकलेला पॅरामेशियम क्षणभर उलटा पोहत मागे सरकतो, मागचे टोक जवळजवळ जागीच ठेवून पुढचे टोक गोल फिरवतो आणि नव्या दिशेने निघतो. पुन्हा धडकला, तर पुन्हा तेच. पुढच्या टोकाला धक्का बसताच पेशीपटलातील मार्ग उघडून कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि त्यामुळे अंगावरील पक्ष्माभिकांचा (पोहण्यासाठी वल्ह्यांसारख्या हलणाऱ्या सूक्ष्म केसांचा) फटका उलटा पडू लागतो. जादा कॅल्शियम बाहेर टाकले गेले की गाडी पुन्हा पुढे चालू लागते. मागच्या टोकाला धक्का बसला, तर पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात आणि तो अधिक वेगाने पुढे पळतो.

खरी गंमत आम्लाची आहे. एक मिलिलिटर व्हिनेगर २०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून त्याचा अगदी बारीक थेंब आच्छादनकाचेखाली सोडावा. काही मिनिटांत पॅरामेशियम तेथे गर्दी करतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की ते आम्लाकडे ओढले गेले. प्रत्यक्षात ते भटकता भटकता त्यात शिरतात, शिरताना अडखळत नाहीत. मात्र बाहेर पडताना सीमेवर येताच दचकून मागे वळतात आणि त्यामुळे आत अडकून राहतात. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याचे बारकाईने वर्णन केले. म्हणून गर्दीकडे न पाहता एकाच जिवावर नजर खिळवून तो सीमेवर काय करतो, ते पाहावे.

तोच प्रयोग मिठाच्या पाण्याने केल्यास ते शिरतानाच मागे वळतात आणि थेंबाची जागा मोकळी राहते. प्रत्येक वेळी नवी काचपट्टी घ्यावी, आणि एका पट्टीवर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा थेंब सोडून तुलना करावी. अन्यथा थेंब सोडताना उठलेल्या प्रवाहालाच जिवांचा प्रतिसाद समजण्याची चूक होते.