भट्टी वर चढत नाहीये? कॉइल बदलायच्या आधी मीटर लावा

आमची मातीची भांडी भाजायची इलेक्ट्रिक भट्टी मुळात थ्री फेजवाली, जुनी घेतलेली. घरी सिंगल फेज आहे म्हणून वायरिंग बदलून घेतलं, जुना कंट्रोल काढून तापमान सांभाळणारा पीआयडी कंट्रोलर आणि एसएसआर, म्हणजे त्याच्या सांगण्यावरून कॉइलचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, टाकला. अशी कन्व्हर्ट केलेली भट्टी वापरणाऱ्या कुणाशीही बोला, गाडी एकाच गोष्टीवर येते, भट्टी १०५० डिग्रीपर्यंत जाते आणि तिथेच बसते. मग कॉइल, म्हणजे आतली तापणारी तार, गेली म्हणून नवीन कॉइल आणतात, पैसे जातात आणि भट्टी तिथेच. म्हणून सांगतेय, आधी मीटर लावा.

त्याच्याही आधी मेन आयसोलेटर, म्हणजे भट्टीचा मुख्य स्विच, बंद करा, कंट्रोलर बंद केला म्हणजे झालं असं अजिबात नाही. एसएसआर साधारण एकच वायर तोडतो आणि बंद असतानासुद्धा त्यातून थोडा करंट गळतो, त्यामुळे कॉइलला हात लावायच्या आधी टेस्टरने नाही तर मीटरने सप्लाय खरंच गेलाय का ते बघायचंच. दार उघडं असताना भट्टी चालू राहत असेल तर दार उघडताच सप्लाय तोडणारा लिमिट स्विच दाराला बसवून घ्या, हे काम पुढे ढकलू नका.

आता मीटर. माझी भट्टी ६ किलोवॅटची, २ किलोवॅटच्या तीन कॉइल, तिन्ही पॅरलल. २३० गुणिले २३० भागिले २०००, म्हणजे एका कॉइलचा रेझिस्टन्स साडेसव्वीस ओहमच्या आसपास यायला हवा आणि तिन्ही मिळून ८.८. कॉइलकडे जाणाऱ्या दोन्ही वायर सोडवून मीटर लावला आणि ८.८ आलं तर कॉइल ठणठणीत आहेत, १३ च्या पुढे आलं तर एक तुटलीय, २६ आलं तर दोन. एवढं दोन मिनिटांत कळतं. फक्त मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना लावून बघा, अर्धा ओहम तिथेच दाखवत असेल तर तो वजा करा, कारण इतक्या छोट्या आकड्यात अर्ध्या ओहमनेसुद्धा फरक पडतो.

कॉइल तुटलेली नाही पण म्हातारी झालीय असंही होतं. वापरून वापरून रेझिस्टन्स वाढतो, तो वाढला की वॅट कमी होतात. २६.५ ची २९ झाली, म्हणजे १० टक्के वाढ, की मी बदलते, कारण तेव्हा १२०० च्या पुढचे शेवटचे तीस-चाळीस डिग्री चढायला तास-तास लागतात.

कॉइल बरोबर आहेत तरी भट्टी चढत नाही? मग कन्व्हर्जन कसं केलंय ते बघा. जुनी भट्टी स्टारमध्ये (प्रत्येक कॉइल एक फेज आणि न्यूट्रलमध्ये) होती तर प्रत्येक कॉइलला २३० व्होल्टच मिळत होते, ती सिंगल फेजवर पॅरलल केली की वॅट तेवढेच, पण सगळा २६ अँपिअर एकाच फेजवर येतो, त्याला ३२ चा एमसीबी आणि ६ एमएमची कॉपर वायर हवीच. पण ती डेल्टामध्ये (प्रत्येक कॉइल दोन फेजच्या मध्ये) होती तर त्या कॉइल ४१५ व्होल्टसाठी बनवलेल्या असतात, रेझिस्टन्स ८६ च्या आसपास, आणि २३० वर त्या एक तृतीयांशही उष्णता देत नाहीत. अशा वेळी कॉइल खराब नसतेच, ती या व्होल्टेजची नसते, नवीन वाइंडिंग करून घ्यावंच लागतं. आणि व्होल्टेज संध्याकाळी २०० वर येत असेल तर ६ किलोवॅटचे साडेचारच उरतात, म्हणून मी ग्लेझ फायरिंग, म्हणजे काचेसारखा लेप लावलेल्या भांड्यांची भाजणी, रात्री उशिरा लावते.

मागे टर्मिनलचं झाकणही उघडून बघा. आमच्याकडे एकदा नट काळानिळा पडला होता आणि वायरचं कव्हर हात लावताच पापडासारखं तुटलं, कॉइल मात्र चांगली. स्क्रू ढिला राहिला की तिथेच तापतं आणि कॉइलचं टोक तिथेच जळतं. टोकं दुहेरी पिळलेली असावीत म्हणजे विटेतून बाहेर येताना थंड राहतात, आणि प्रत्येक पाच-सहा फायरिंगनंतर नट आवळा. एसएसआरला उष्णता बाहेर टाकणारा मोठा हीटसिंक हवा. एसएसआर गेला की बहुतेक वेळा शॉर्ट होतो, कंट्रोलर बंद म्हणतो आणि भट्टी तापतच राहते, म्हणून मध्ये एक कॉन्टॅक्टर, म्हणजे सप्लाय तोडणारा मोठा रिले, हवाच.

नवीन कॉइल घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. हे मी नुकसान करून शिकले. एका दुकानातून कँथल (लोखंड-क्रोमियम-अॅल्युमिनियमची तार) म्हणून आणलेली कॉइल चार फायरिंगमध्ये गेली, चुंबक लावला तर चिकटेचना, नायक्रोम (निकेल-क्रोमियमची तार) होती ती. थंड असताना कँथलला चुंबक चिकटतो, ८०-२० नायक्रोमला नाही. नायक्रोम बिस्कला, म्हणजे ग्लेझच्या आधीच्या पहिल्या भाजणीला, चालते, पण तारेची स्वतःची मर्यादाच १२०० आहे, जास्त तापमानाला भाजायच्या स्टोनवेअर भांड्यांना कँथल ए-वनच पाहिजे.

बसवताना कॉइल सारखी ताणायची, वेढे कुठे दाटले की तिथे लाल ठिपका होऊन तीच जागा पहिली तुटते. पहिली फायरिंग रिकामी, हळूहळू १०५० पर्यंत, पीपहोल (आत बघायचं भोक) उघडं ठेवून, त्याने तारेवर करडा थर बसतो आणि तोच तिला वाचवतो. त्यानंतर कँथल काचेसारखी ठिसूळ होते, थंड असताना अजिबात वाकवू नका. खाचेत ग्लेझचा थेंब पडला तर तो हा थर खातो, माझी एक कॉइल अशीच गेली, तुटलेल्या जागी हिरवट काचेचा गोळा आणि खालची वीटही वितळलेली. ती वीट खरवडून साफ केल्याशिवाय नवीन कॉइल टाकू नका, नाहीतर तीही जाते. भट्टीत कापूर किंवा लाकूड टाकून रिडक्शन (आतला ऑक्सिजन कमी करून भाजणं) करू नका, त्यानेही थर जातो.

आणि कॉइल नवीन असतानाच तिन्हींचे आकडे तारीख टाकून पॅनलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. माझ्याकडे २६.४, २६.६, २६.३ लिहिलेत. गेल्या आठवड्यात मधली २८.९ दाखवत होती, म्हणून दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायच्या आधीच नवीन कॉइल सांगून ठेवलीय.