बेझल इन्सर्ट चिकटवायचा कशाने?

मनगटी घड्याळाच्या काचेभोवती क्लिक-क्लिक करत फिरणारी कडी म्हणजे बेझल, आणि तिच्या खाचेत बसणारी खुणा-आकड्यांची पातळ गोल पट्टी म्हणजे इन्सर्ट. माझा पहिला इन्सर्ट मी सुपरग्लूने चिकटवला. घरात तेवढंच होतं आणि धीर नव्हता. बेझल घड्याळावरच ठेवून सहा थेंब सोडले, इन्सर्ट दाबला आणि खूश होऊन झोपले. सकाळी पाहते तर काळ्या चकचकीत इन्सर्टच्या कडेने पांढरट धुरकट पट्टा उमटलेला, आणि बेझल जागची हलेना. सुपरग्लू वाळताना त्याची वाफ आजूबाजूला बसते, तोच तो पांढरा थर. दुसरा प्रताप पातळपणाचा: एक थेंब बेझलखाली ओघळून क्लिक देणाऱ्या स्प्रिंगपर्यंत पोचला होता. सोडवताना अ‍ॅल्युमिनियमचा इन्सर्ट पत्र्यासारखा दुमडला तो दुमडलाच.

तेव्हापासून कुठलाही गोंद हातात घेतला की मी आधी विचार करते, हा पुन्हा निघेल कसा? इन्सर्टवर ओरखडे पडतात, रंग विटतो, कधी आपलंच मन बदलतं. आज ना उद्या तो काढायची वेळ येतेच.

आधी गोंद लागतो का तेच बघा. काही घड्याळांत, विशेषतः जुन्या, अ‍ॅल्युमिनियमचा इन्सर्ट बेझलच्या कडेत नुसता दाबून बसवलेला असतो. जुना काढल्यावर खाली चिकटपणाची खूण नसेल आणि नवा कट्ट करून घट्ट बसत असेल, तर तिथेच थांबा.

लागत असेल तर नवा इन्सर्ट कोरडाच खाचेत ठेवून कडेवरून नख फिरवा. इन्सर्ट बेझलच्या कडेपेक्षा केसभर खाली असेल तर टेपला जागा आहे. बरोबरीला किंवा वर असेल तर टेप त्याला आणखी उचलणार, आणि वर आलेली कड बाहीत अडकून उचकटते. सिरॅमिकचे इन्सर्ट अ‍ॅल्युमिनियमपेक्षा बहुधा जाड असतात, म्हणून ही अडचण तिथेच जास्त येते.

जागा असेल तर माझी पसंती डोळे मिटून डबल-साइड टेपला. फोमची जाड टेप नव्हे, नुसत्या चिकट थराची पातळ टेप. थ्रीएमची ४६७एमपी सुमारे ०.०५ मिलिमीटर जाडीची असते आणि ४६८एमपी सुमारे ०.१३. खाच उथळ तर पहिली, खोल तर दुसरी. सेइको एसकेएक्स००७ सारख्या घड्याळाचा इन्सर्ट बाहेरून ३८ मिलिमीटरचा, पण त्याची पट्टी जेमतेम तीनसव्वातीन मिलिमीटर रुंद. एवढं बारीक वर्तुळ हाताने कापायच्या नादी लागू नका, मापाची तयार रिंग घ्या. टेप आतल्या कडेने बाहेर डोकावली तर तिथे आठवड्याभरात धुळीची काळी रेघ तयार होते आणि प्रत्येक वेळी बघताना डोळ्यांत खुपते.

टेपने बेझल घड्याळावर असतानाच काम होतं. जुना चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नंतर बोट लावू नका; बोटाचं तेल टेपचं वैरी. आधी रिंग इन्सर्टच्या पाठीला लावा, मग वरचा कागद काढा. आता बेझल क्लिकवर आणून थांबवा. १२० क्लिकच्या बेझलमध्ये एक क्लिक म्हणजे ३ अंश, म्हणजेच अर्धं मिनिट. दोन क्लिकच्या मध्ये असताना इन्सर्ट बसवला तर इन्सर्टवरचा त्रिकोण कायमचा डायलवरच्या बाराच्या खुणेच्या शेजारी राहतो. इन्सर्ट चिमट्याने अलगद टेकवा, डायलशी जुळवा, पटलं की मगच अंगठ्याने गोल फिरत दाबा. अशा टेपची पकड वीसेक मिनिटांत निम्म्याच्या आसपास येते, दिवसभरात बरीचशी आणि पुरी व्हायला सुमारे ७२ तास. लावताना घड्याळ थंडगार नको, थंडीत टेपचा थर कडक होऊन धरत नाही.

टेपला जागा नसेल तर गोंद. त्यात मी बी-७००० किंवा जीएस हायपो सिमेंट वापरते. हायपो सिमेंटच्या नळीला सुईसारखं टोक असतं, त्यामुळे थेंब टाचणीच्या डोक्याएवढा पडतो. बी-७००० वाळल्यावरही रबरासारखा लवचिक राहतो. सिरॅमिक आणि स्टील उन्हात सारखे फुगत नाहीत, तेव्हा मधला थर थोडा लवणारा बरा. ई-६००० ची पकडही चांगली, पण वास डोक्यात जातो. खिडकी उघडी असेल तरच.

इथे मात्र बेझल घड्याळावरून काढूनच काम करा, पहिली चूक आठवा. काढण्यापूर्वी बेझल क्लिकवर आणून बाराच्या समोर तिच्या कडेवर मार्करची बारीक रेघ मारा, म्हणजे टेबलावर जुळवायला तेवढी खूण पुरते. थेंब सहा, समान अंतरावर, पट्टीच्या मधोमध. पूर्ण वर्तुळभर गोंद ओढला तर जास्तीचा दोन्ही कडांनी बाहेर येतो आणि पुढे काढताना छळतो. तरी आलाच, तर ओला पुसू नका, पसरतो. रबरासारखा झाला की टूथपिकने गुंडाळत काढा. मग बेझल मऊ कापडावर पालथी ठेवून वर जाड पुस्तक, दुसऱ्या दिवसापर्यंत.

यूव्ही गोंदाचं आकर्षण मलाही होतं. पण त्याला प्रकाश लागतो, आणि अपारदर्शक इन्सर्टच्या खाली तो पोचत नाही. कडा सुकतात, मधला गोंद ओलाच राहतो. इपॉक्सी तर नकोच. दोन भाग मिसळून दगड झालेला तो गोंद सिरॅमिक फुटेल पण सोडणार नाही.

काढायच्या वेळी हेअर ड्रायरने बेझल गरम करा, हाताला चटका बसणार नाही इतपत, आणि पातळ पात्याने एका बाजूने हळू उचला. अ‍ॅल्युमिनियम वाकतं, सिरॅमिक सरळ तुटतं, म्हणून सिरॅमिकला पातं लावायची घाई करू नका. बी-७००० किंवा हायपो सिमेंट असेल तर सुटी बेझल अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. आधी रबरी गॅस्केट काढा. रंगवलेले आकडे किंवा बाराच्या खुणेचा चमकणारा ठिपका असेल तर तो इन्सर्ट गेला असंच समजा, आणि प्लास्टिकची काच असलेल्या घड्याळाजवळ बाटली उघडूही नका. झाकण घट्ट, आसपास ज्योत नको. सकाळी इन्सर्ट बहुतेक वेळा बोटाने सरकतो.